शेंदराखालचे व्होल्ट

तालुका कुरखेडा,
४ ऑक्टोबर २०२५

ती. नानाजीभाऊस गुणाचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

पावसानं टॉवर बंद आहे, म्हणून हे पत्र चिमूरच्या बसच्या कंडक्टरजवळ दिलं. हसू नका.

रानडुकरं धानात उतरून राह्यले. म्हणून दिव्याच्या बाबानं कुंपणाच्या तारेले झटका मशीन आणली अन् तिच्यासाठी बॅटरी. दसऱ्याले नांगराशेजारी बॅटरीची पूजा केली, शेंदराचा असा जाड लेप दिला का व्होल्टचा आकडा त्याखाली गेला. आता पुसू देत नाई. म्हणते, दसऱ्याचा शेंदूर धान घरी येण्याआधी खरवडला तं देव कोपते. मशीनवर साफ लिहून आहे: फक्त बारा व्होल्ट, जास्त दिलं तं जळेल. शेजारचा बिरजू म्हणते, साऱ्याच बॅटऱ्या बाराच्या असते. हे म्हणते, जास्तीची असली तं डुक्कर जास्त दूर पळन!

उघड्या बाजूनं दोनच आकडे दिसते: १०० अँपिअर-तास अन् २४०० वॅट-तास. याचा अर्थ लावा. मशीन जळली तं विजेच्या खांबावरून सरळ तार टाकतो म्हणते. तशाच तारेनं मागच्या साली बाजूच्या गावात गुराखी मेला. मले झोप नाई. तुमची शाळा तुमाले संस्कृतासोबत विज्ञानही शिकवायले लावते, त्याचा आमाले काही उपयोग होऊ द्या.

माया आहे तशी ठेवा.
गुणा

चिमूर,
६ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. गुणास अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र कंडक्टरने चहाच्या डागासह पोचवले. विज्ञानशिक्षकाची जागा आमच्याकडे कधीपासून रिकामी आहे आणि ज्याला संधी सोडवता येते त्याला वीजही येते, असे वरचे धोरण आहे. तेव्हा उत्तर देण्याचा अधिकार मला पोचतो.

समज, शंभर बाया रानातून मोहफुलं घेऊन आल्या आणि सगळी मिळून चोवीसशे किलो भरली. एकीच्या डोक्यावर किती? चोवीस. बाया म्हणजे प्रभार, मोहफुलं म्हणजे ऊर्जा, आणि एका डोक्यावरचं ओझं म्हणजे व्होल्ट. ऊर्जेला प्रभाराने भागायचं, झालं. तास दोन्हीकडे आहेत, ते एकमेकांना कापून मोकळे होतात. तुझी बॅटरी चोवीसची, मशीनची मान बाराची. त्या बाराचे हजारो व्होल्टचे क्षणिक झटके मशीन स्वतःच करते. जोडू नका.

हा भागाकार दिव्याच्या बाबांना, धनराजभाऊंना, मात्र दाखवू नकोस. ज्यांनी बॅटरीला नैवेद्य दाखवला त्यांना शास्त्रच दाखवावं. सांग की आवाहन केलेल्या देवाची उत्तरपूजा करून त्याला निरोप देता येतो. त्यात कोप नाही, न केल्यास आहे. अक्षता वाहा, पुन्हा येण्याची विनंती करा, ओल्या फडक्याने शेंदूर उतरवा आणि देवाला मूळ स्थानी, म्हणजे दुकानात, पोचवा. परत येताना त्याने बारा व्होल्टचं रूप घ्यावं. हवा तर संकल्प संस्कृतात लिहून धाडतो. अर्थ कोणालाच कळणार नाही, म्हणजे श्रद्धा बसेल.

खांबावरच्या तारेबाबत मात्र थट्टा नाही. ती टाकली तर मी स्वतः येऊन पोलिसांत तक्रार देईन, हे माझं नाव घेऊन सांग.

तुझ्यावरचा लोभ वाढता आहे. डुकरांचा धानावरचा घटो.
नानाजी

तालुका कुरखेडा,
१२ ऑक्टोबर २०२५

ती. नानाजीभाऊस सा. नमस्कार.

उत्तरपूजेचं नाव काढलं अन् दिव्याचे बाबा लगेच आंघोळीले गेले. गणित सांगितलं असतं तं बिरजूले बोलावून भांडण मांडलं असतं. शेंदूर उतरला, खाली चोवीस! म्हणते कसे, मी तं पहिल्यापासून हेच म्हणून राह्यलो. मी फडकं धुवायले घेतलं. संसार करायचा आहे.

दुकानदारानं बदलून दिली, फक्त विचारलं, बॅटरीले तेल काऊन लागलं जी? यायनं सांगितलं, शास्त्र आहे.

बाराची जोडली, मशीन टिकटिक बोलायले लागली. बिरजू शेताच्या धुऱ्यावर उभा राहून म्हणे, एवढ्याशा बारानं डुक्कर कुठी भेते? दिव्याच्या बाबाले राग आला. हे पाह्य, म्हणून यायनं स्वतःच तारेले बोट लावलं. धुऱ्यावरून जे उडाले ते धानाच्या बांधीतल्या चिखलात बसले. लागलं काही नाई, बिरजू मात्र हसून हसून खाली बसला.

खांबाच्या तारेचं नाव आता निघत नाई. तोंडावरचा चिखल पुसून मले म्हणाले, मास्तराले लिहून दे, बारा पुरते.

तसं लिहिलं. आमच्यावर जीव असू द्या.
तुमची गुणा