चाफ्याला नख लावून बघ

आई, काल सकाळी तुझ्या नातीचा शिमल्याहून व्हिडिओ कॉल आला. अगदी रडवेली झाली होती. चाफ्याची सगळी पानं गळली, नुसता दांडका उरलाय, म्हणाली. आपल्या जेसल पार्कच्या गॅलरीतल्या चाफ्याची फांदी तू समोरच्या गुजराती बेनला दिली होतीस ना, ती तिने खाली कंपाउंडमध्ये लावली. त्याच झाडाची फांदी पोरीने नोकरीच्या गावी नेलीय. तुझ्या हातचं तिच्याजवळ तेवढंच आहे. त्यामुळे लाड काय विचारूच नकोस! कुंडीला शाल गुंडाळलीय, रोज कोमट पाणी चाललंय. मी म्हटलं, आधी ते पाणी बंद कर.

मला नाही कळणार तर कोणाला? दहा वर्षांची होते. पौषात चाफा बोडका झालेला बघून मला त्याची दया आली. तू कढीपत्त्याला आंबट ताक घालायचीस, म्हणून मी आठवडाभर चाफ्यालाही घातलं. बुंधा मऊ पडला, वास सुटला. तू कणकेच्या हातांनी बाहेर येतेस, वाकून बघतेस आणि म्हणतेस, "झोपलेल्याला जेवायला घालतेस का गं?" मग सडका भाग कापून टाकलास. वरची फांदी सावलीत सुकवून पुन्हा लावलीस, आणि एक तुकडा बेनला दिलास.

हेच मी पोरीला ठणकावून सांगितलं. थंडीत पानं पोसणं झाडाला परवडत नाही, ते आपणहून टाकून देतं आणि जीव खोडात राखून ठेवतं. मागून तिची घरमालकीण म्हणाली, आमची सफरचंदंही अशीच झोपतात, नीट थंडी पडली नाही तर पुढे फुलतच नाहीत. मी पोरीला बजावलं, पण ती तिथली, बर्फ सोसणारी. आपला चाफा घरातच ठेव, खिडकीतल्या उन्हात.

"आणि नख लावून बघ," मी म्हटलं.

तिने साल जराशी खरवडली. आत हिरवंगार. पोरीच्या जिवात जीव आला. मग सहज तिने विचारलं, आजीच्या कुंडीतला चाफा कशाने गेला गं? मी म्हटलं, मेला.

तुला खरं सांगते. तू गेलीस त्या हिवाळ्यात तो तसाच बोडका उभा होता. मी कचरेवाल्याला देऊन टाकला. नख लावलंच नाही. तू नाहीस आणि तो आहे, हे मला तेव्हा चाललं नसतं. पोरीला हे सांगितलेलं नाही. तुला पाठवता येत नाही, म्हणून तर लिहिलं.