रिकामा हिरा

ता. ४ मार्च

ती. दादास,
कृ. सा. न. वि. वि.

तू पाठवलेली चष्म्याची पेटी गेल्या आठवड्यातच पोचली. कामाच्या टेबलावरच ठेवली आहे, म्हणजे चाळिशी रोज शोधायला नको.

तुमच्या हिऱ्यांच्या पेढीवर डागाचा हिरा बाजूला पडतो. आमचं सगळं काम त्या डागावरच. हिऱ्यात एक अणू बेपत्ता, शेजारी नायट्रोजन येऊन बसलेला. त्यावर हिरवा प्रकाश टाकला की तो लाल चमकतो. सोबत मायक्रोवेव्ह लहरी सोडून त्यांची वारंवारता वाढवत नेली, की एका ठिकाणी चमक मंदावते, आलेखात खळगा पडतो. जवळ चुंबकत्व असलं तर एकाचे दोन खळगे. जिच्यात चुंबकत्व नाहीच असं सगळे म्हणत होते, ती माझी धातूची कपची हिऱ्याशेजारी ठेवली, तर दोन पडले! वीस तारखेला साहेब शोधनिबंध पाठवणार, पहिलं नाव माझं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. मग झोप का लागत नाही?

वहिनीला नमस्कार. लोभ आहेच, या धास्तीसकट असू दे.

तुझी धाकटी

ता. ९ मार्च

चि. शंकासुरास,
अ. आ.

तुझी वहिनी म्हणते, हिला बक्षीस मिळालं तरी ही आधी पाकिटावरचं नाव तीनदा वाचेल.

मला निम्मंच कळलं. पण आम्ही दर खड्यानंतर रिकामं पारडं पुन्हा बघतो, काटा शून्यावर येतो ना म्हणून. कपची काढून नुसता हिरा पुन्हा मोजलास का? मोजला असशील तर हस मला.

दादा

ता. १५ मार्च

ती. दादास,
कृ. सा. न. वि. वि.

नव्हता मोजला. महिन्यापूर्वी एकदा मोजला तेव्हा खळगा एकच होता. त्यावर निर्धास्त राहिले. आता कपची काढली, तरी दोन! टेबल उपसता उपसता तुझी पेटी उचलली आणि दोनाचा एक झाला. झाकण खटकन बंद होतं ना, ते आतल्या चुंबकामुळे.

पेटी गुपचूप घरी नेली तर कोणाला कळणार, असं मनात आलं. आलं होतं, म्हणून लिहिते. मग साहेबांना सांगितलं. ते इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसले. निबंध रद्द. रडू आलं, पण त्या दिवशी गाढ झोपले.

साहेबांनी पेटी ठेवून घेतली आहे. रोज सकाळी यंत्राची परीक्षा तिच्यावर होते आणि माझ्या अक्षरात नोंद पडते: दादा आत, खळगे दोन, दादा बाहेर, खळगा एक.

चाळिशी पुन्हा सापडत नाही. लोभ असू दे, हिऱ्यापासून जरा लांबून.

तुझी धाकटी