भिंतीवरचा जुना स्क्रीन

बाबा, कॅम्प एकच्या आपल्या जुन्या घरात ओट्यामागच्या भिंतीवर तुम्ही लाल रंगाने काढलेले बाण मला अजून दिसतात. आईला वाचता येत नव्हतं, म्हणून गॅसच्या शेगडीचं बटण कुठे फिरवलं की पेटतं आणि कुठे फिरवलं की बंद होतं, ते तुम्ही भिंतीवरच काढून ठेवलं होतं. नवी शेगडी आली त्या संध्याकाळी मी चहा ठेवायला निघाले, तर तुम्ही माझ्या हातातून लायटर काढून घेतलात. नव्या शेगडीचं बटण उलट्या दिशेने बंद होत होतं. तुम्ही सुरी घेऊन बाण खरवडत बसलात. आई म्हणतेय, भिंतीचा रंग कशाला घालवता, आणि मी भुकेने वैतागलेय. "आधी जुना बाण जाऊ दे," तुम्ही दरडावलंत, "मग चहा." एवढ्यातेवढ्यावरून ओरडलात म्हणून मी रात्रीपर्यंत तुमच्याशी बोलले नव्हते.

तुम्ही गेलात तेव्हा धाकटा शाळेत होता. आता तो आनंदनगरला एका केमिकल कंपनीत ऑपरेटर आहे, बदलापूरला राहतो. आणि माझं काम ऐकून तुम्ही हसला असता. मी सॉफ्टवेअर कसं वापरायचं याची पुस्तकं लिहिते. आमच्या ऑफिसचंच सॉफ्टवेअर धाकट्याच्या कंपनीत रिअ‍ॅक्टर चालवतं. तुम्ही व्हॉल्व्ह हाताने फिरवायचात, हे लोक पडद्यावरचं बटण दाबतात. मी त्या पडद्याचा स्क्रीनशॉट घेते, म्हणजे जसाच्या तसा फोटो, तो पानावर लावते, त्यावर लाल बाण काढते आणि खाली काय दाबायचं ते लिहिते. खालचं कोणी वाचत नाही. सगळे बाण बघतात, आईसारखेच.

मध्यंतरी नव्या सॉफ्टवेअरच्या तयारीसाठी मी त्यांच्या कंट्रोल रूममध्ये गेले होते. पडद्याशेजारच्या भिंतीवर माझ्याच जुन्या पुस्तकातलं पान होतं, लॅमिनेट करून चिकटवलेलं. त्यावर हळदकुंकू, वर वाळलेला झेंडू. आपल्या घरी पूजाअर्चा नव्हती, पण दसऱ्याला कंपनीतल्या मशिनच्या पूजेचे पेढे तुम्हीही आणायचात, त्यामुळे नवल वाटलं नाही. भीती वाटली. त्या पानावर खाली उजवीकडचं बटण रिअ‍ॅक्टरला थंड पाणी सोडतं. नव्या पडद्यावर नेमक्या त्याच जागी रिअ‍ॅक्टरमध्ये कच्चा माल सोडायचं बटण आलंय. रिअ‍ॅक्टर तापायला लागला की माणूस विचार करत नाही, भिंतीकडे बघतो आणि त्याचा हात जातो. तापलेल्यात आणखी माल पडला तर काय होतं, ते तुम्हाला मी काय सांगणार.

मी सुपरवायझरना ते पान काढायला सांगितलं. ते अगदी आदराने म्हणाले, "मॅडम, पूजा केलेली चीज अशी मधेच नाय काढत. दसऱ्याला सगळं नवीन लावतो ना, तेव्हा काढू." ऑफिसात सांगितलं, तर साहेब म्हणाले की नवे फोटो पुस्तकाच्या पुढच्या खेपेला घालू, तोवर जुन्या फोटोंखाली एक ओळ टाक. 'प्रत्यक्ष स्क्रीन वेगळा दिसू शकतो.' ती ओळ बारीक अक्षरात छापून झाली आणि ऑफिसपुरता विषय मिटला. मला त्या ओळीची चीड येते, बाबा. काही झालंच, तर ती आम्हाला सोडवेल, कंट्रोल रूममधल्या माणसाला नाही.

शेवटी काल मी पुन्हा तिथे गेले. सगळे जेवायला उठले तेव्हा पट्टीने ते पान खरवडून काढलं आणि पर्समध्ये घालून इथे चिखलोलीला घरी आणलं. आत्ता ते समोर टेबलावर आहे आणि त्याचं कुंकू माझ्या बोटांना लागलंय. नवं सॉफ्टवेअर उद्या सकाळी सुरू होणार, पहिल्या पाळीला. काल घरी येताना मला वाटत होतं, तुमच्यासारखंच केलं, आता चहा ठेवायला हरकत नाही.

मघाशी धाकट्याचा फोन आला. म्हणाला, "ताई, भिंतीवरचं पान कोणीतरी उडवलं. पण तू टेन्शन नको घेऊ. माझ्या मोबाइलमध्ये फोटो होता त्याचा, ग्रुपवर टाकला. आता सगळ्यांकडे आहे."

मी त्याला सगळं समजावलं, बटणाची जागा दोनदा सांगितली, फोटो काढून टाक म्हटलं. तो हो हो म्हणाला. मास्क लावा म्हटलं की तुम्ही म्हणायचात ना, तसं. वर म्हणतो, ट्रेनिंग झालंय आमचं. पण बाकीच्यांच्या मोबाइलमधलं कोण पुसणार? तिथे माझी सुरी पोचत नाही. सुपरवायझर फोन उचलत नाहीत, साहेबांना मेल केला त्याचं उत्तर नाही. सकाळी मी कंपनीच्या गेटवर जाऊन उभी राहणार आहे. आत सोडतील असं वाटत नाही.

कामावरून आल्यावर खिडकी उघडण्याआधी तुम्ही ती जराशी ढकलून हवेचा वास घ्यायचात. केमिकलचा वास आला की बंद करायचात आणि फटीत ओलं फडकं कोंबायचात. आम्ही दोघं तुमची नक्कल करून हसायचो. हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून तुम्हाला सांगते. उद्या पहिली पाळी धाकट्याची आहे, आणि इथे वास कसलाच नाही, तरी मी आत्तापासूनच सगळ्या खिडक्या बंद करून फडकी भिजवून ठेवली आहेत.