न कापलेले निळे कापड

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, रुग्णालयाच्या शिवणखात्यातून निवृत्त, डोळ्यांत मोतीबिंदू असला तरी डोके ठिकाणावर असलेली, कोणाच्याही दडपणाशिवाय, राजीखुशीने हे लिहून ठेवत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे. ज्यांना तरीही शंका वाटेल त्यांनी ती स्वतःजवळ ठेवावी.

कलम १. राहते घर आणि बँकेतली ठेव माझ्या एकुलत्या मुलाला मिळावी. तो माझ्याशी कधी भांडला नाही आणि त्याने माझे कधी ऐकलेही नाही. शिवणाच्या खोलीची खिडकी मात्र त्याने बुजवू नये. तिथल्या उजेडात दोऱ्याचा खरा रंग कळतो.

कलम २. पायाचे मशीन सूनबाईला द्यावे. तिला शिवता येत नाही, पण मशीन बिघडले की तीच दुरुस्त करते, तेव्हा हक्क तिचाच.

कलम ३. तीस वर्षे मी चादरी, अभ्रे आणि रुग्णांचे झगे शिवले. सगळी सरळ शिवण. निवृत्तीनंतर एकच हौस होती, की दोनशे वर्षांपूर्वीच्या घोडेस्वार जासुदाचा डगला, जसा होता तसा, घरी शिवायचा. शिवणार मी, घालणार माझी धाकटी जाऊ. ती चित्रकलेची शिक्षिका, उंच आणि खांद्याने ताठ. तो डगला तिलाच शोभला असता. दर रविवारी आम्ही दोघी संग्रहालयाच्या वाचनालयात बसून बंद किती, बाह्या कशा, अस्तर कशाचे, हे उतरवून घेत असू. त्या सात वह्या वाचनालयाला द्याव्यात. मांजरपाटाचे अकरा नमुने कापले आणि उसवले, त्यांची फडकी करावीत. खरे कापड, गडद निळी लोकर, साडेचार मीटर, ट्रंकेत तसेच आहे. ते एकदाच कापता येते, म्हणून माझा हात धजावला नाही.

कलम ४. सदर निळे कापड, माझी मोठी कात्री आणि तिचे इथे राहिलेले, सुई टोचू नये म्हणून बोटात घालायचे अंगुस्तान धाकट्या जावेला द्यावे. अंगुस्तान इथे का राहिले तेही सांगते. आमचा मुख्य आधार जुन्या पुस्तकातले जासुदांचे एक रंगीत चित्र. त्यात डगल्याची डावी बाजू उजवीवर येते. मी बाराव्या नमुन्यावर तशा खुणा करत होते. तिच्या शाळेतल्या दोन शिक्षिका मुद्दाम बघायला आल्या होत्या.

ती म्हणाली, "वहिनी, थांबा जरा. ह्याची तलवार उजव्या कमरेला आहे. उजव्या हाताने उपसणार कशी?"

"डावखुरा असेल."

"आणि मागचे तिघं?"

"तेही असतील. घराणंच असेल डावखुऱ्यांचं."

तिघी हसल्या आणि ते मला झोंबले. मी म्हणाले, "पोरांना चित्र काढायला शिकवतेस, स्वतः बघायला कधी शिकणार?"

तिने बोटातले अंगुस्तान काढून टेबलावर ठेवले आणि ती गेली. त्याला सहा वर्षे झाली. घरच्या कार्यात भेटलो तर "बरं आहे ना" एवढेच.

कलम ५. तीन वर्षांपूर्वी मूळ चित्र दुरुस्त होऊन संग्रहालयात लागले. मी पुस्तक काखेत मारून एकटीच गेले. तलवार डाव्या कमरेला होती आणि डगल्याची उजवी बाजू वर. पुस्तकवाल्याने चित्र उलटे छापले होते. मी एकदा भिंतीकडे, एकदा पुस्तकाकडे असे इतका वेळ बघत राहिले, की पहारेकऱ्याने स्टूल आणून दिले. "बसा बाई, चित्र कुठे पळून जात नाही," तो म्हणाला. मी बसले आणि मला रडू आले. तिचे बरोबर होते, माझे चुकले होते. फोन कितीदा तरी हातात घेतला आणि ठेवला. थोरलेपणाचा मान आयुष्यभर घेतला, तो खाली ठेवता येईना. मेल्यावर माफी मागितली की समोरच्याचे तोंड बघावे लागत नाही, म्हणून ती इथे मागत आहे.

पुरवणी, त्याच दिवशी. कागद तपासायला वकील आले, साक्षीला संग्रहालयाचा पहारेकरी आला. दुसरी साक्षीदार शेजारीण, ती ऐनवेळी तापाने आडवी झाली. मुलाला म्हटले, कोणालातरी आण. तो काकूला घेऊन आला. आपल्याला कायद्यातले काही कळत नाही असे तो म्हणतो. माझा विश्वास नाही.

साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते, असे वकील सांगेपर्यंत तिने उभ्या उभ्या सगळे वाचून काढले.

वकील म्हणाले, "बाई, सही केलीत तर कापड तुम्हाला मिळणार नाही. ज्याला काही मिळायचं त्याची साक्ष चालत नाही."

"मग नको मला. तुम्ही गेल्यावर कापड घेऊन मी काय करू? तुरपाईपलीकडे मला येतं काय? वहिनी, ट्रंक उघडा."

"अगं, माझं चुकलं," मी म्हणाले.

"वाचलं मी. ट्रंक उघडा."

सबब कलम ४ रद्द समजावे. कापड आज साडेअकरा वाजता याच टेबलावर कापले. तिने धरले, मी कात्री चालवली. उजवी बाजू वर. माप नव्याने घेतले. कंबर चार बोटे वाढली आहे, हे तिच्या संमतीने नमूद करते. अंगुस्तान तिने आपणहून बोटात घातले. कात्री कोणालाच देत नाही, मला लागणार आहे.

बाह्या अजून जोडायच्या आहेत. त्या जोडून होईपर्यंत हे मृत्युपत्र कोणीही उपयोगात आणू नये.

स्थळ: शिवणाची खोली
दिनांक: नऊ, रविवार

लिहून ठेवणार: थोरली जाऊ (सही)
साक्षीदार १: संग्रहालयाचा पहारेकरी (सही)
साक्षीदार २: धाकटी जाऊ (सही. तिच्या बोटांचा खडू कागदाला लागला आहे, तो पुसू नये.)