फॉर्मवरचा शेवटचा प्रश्न

फादर, या वर्षी तुमच्या ज्युरीवर मला घेतलं आहे. एवढंच कळवायचं म्हणून लिहायला बसलो, पण कळवायचं आहे ते दुसरंच, आणि ते पहिल्या ओळीत येणार नाही हे तुम्ही ओळखलं असेल. वर्गात उत्तर येत नसलं की मी प्रश्नच पुन्हा मोठ्यानं वाचायचो. तुम्ही फळ्याकडे तोंड ठेवून म्हणायचात, "प्रश्न छान वाचला, आता उत्तराकडे ये." तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी माझी ती सवय गेलेली नाही. तेव्हा आधी ज्युरीचंच सांगतो.

अजूनही तीनच माणसं असतात. चर्चच्या शाळेतल्या एक सिस्टर, एक निवृत्त पास्टर आणि तिसरा चर्चबाहेरचा, यंदा मी. हा तिसरा माणूस म्हणजे तुमचा हट्ट. परदेशातल्या कुठल्याशा महोत्सवात तुम्ही अशा ज्युरीवर बसून आला होता. मुख्य परीक्षक वेगळे, आणि चर्चची ही तीन माणसं वेगळी. त्यांनी फक्त एवढंच पाहायचं की या चित्रपटानं माणसाकडे माणूस म्हणून पाहिलं की नाही. परत आल्यावर तुम्ही आपल्या शाळेच्या हॉलमध्ये, पडद्यासाठी चादरी जोडून, तसाच महोत्सव सुरू केला. आम्हाला वाटलं, चर्चची ज्युरी म्हणजे येशूवरच्या चित्रपटाला बक्षीस. त्या पहिल्या वर्षी एकानं नाताळच्या गव्हाणीवर चांगली अर्धा तासाची फिल्म करून दिली आणि त्याला काहीच मिळालं नाही. मान मिळाला बसस्टँड झाडणाऱ्या बाईवरच्या फिल्मला. तो गव्हाणीवाला तुमच्याशी भांडायला आला, तेव्हा तुम्ही त्याला चहा पाजलात आणि विचारलंत, "तुह्या फिल्ममधल्या मेंढपाळाचं नाव सांग बरं." मूळ कुठल्या किनाऱ्यावरचे तुम्ही, पण चिडलात की अशी अस्सल नागपुरी बोलायचात. एरवी पुस्तकातलं मराठी.

सगळं महत्त्वाचं हॉलच्या मागच्या स्वयंपाकघरात व्हायचं. चित्रपट संपला की दिवे लागायचे नाहीत, शेवटचं नाव जाईपर्यंत बसायचं, आणि मग मागे जाऊन आपापला कप स्वतः विसळत बोलायचं. तुम्ही मोठ्या अल्युमिनियमच्या गंजात चहा उकळताय, बाहीला साबणाचा फेस लागलाय, आणि कुणी "छायाचित्रण उत्कृष्ट" वगैरे म्हणालं की कप त्याच्या हातून काढून घेऊन पुन्हा विसळताय, हे मला अजून समोर दिसतं. माझ्या आयुष्यातल्या सगळ्यांत चांगल्या संध्याकाळी त्या मोरीपाशी गेल्या आहेत. पुढे मी एडिटिंग शिकलो, त्यावर पोट भरलं, पण सिनेमा मी तिथे शिकलो.

आणि तो प्रवेशाचा फॉर्म. नाव, पत्ता, किती मिनिटं, आणि शेवटी तुम्ही स्वतःच्या हातानं घातलेला प्रश्न: 'चित्रपटातल्या माणसांनी हा चित्रपट पाहिला आहे काय?' तो प्रश्न अजून तसाच आहे. नुसता 'का' लिहा म्हणून कुणीतरी सुचवलं होतं, पण तुमचं 'काय' कुणी काढलेलं नाही.

मी तिथे 'हो' लिहिलं होतं. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होतो. लग्नाच्या शूटिंगवाल्याकडून दोन दिवसांसाठी कॅमेरा आणला होता आणि सक्करदऱ्याच्या आमच्या घरात, आमच्याच हातमागावर, आमच्याच बाबांवर फिल्म केली होती. खरं म्हणजे माग दोन वर्षांपासून बंद होता. त्यावर एक अर्धी साडी ताणून तशीच राहिली होती, आणि बाबा इतवारीतल्या दुकानात गज घेऊन दुसऱ्यांचं कापड मोजायचे. इस्त्रीचा शर्ट घालून जायचे, वरच्या खिशात पेन. पण मला विणकर पाहिजे होता, आणि तो गरीब पाहिजे होता. मी त्यांना फाटकी बनियन घालायला लावली. खिडकी लावली, ट्यूबलाइट बंद केली, एक पिवळा बल्ब ठेवला. म्हटलं, बाबा, कॅमेरा शिकून राहिलो, जरा बसा. ते बसले. मागाचा धोटा इकडून तिकडे, तिकडून इकडे, खटक-खट, खटक-खट, वीस मिनिटं. मी त्यांचा घाम टिपला आणि मला वाटलं, मी फार मोठं काहीतरी करतो आहे.

मग ती फिल्म मी त्यांना दाखवली नाही. वेळ मिळाला नाही असं मी पुढे कित्येकांना सांगितलं. खरं कारण लाज. होते त्यापेक्षा मी त्यांना लाचार दाखवलं होतं आणि ते मला ठाऊक होतं.

माझ्या फिल्मला मान मिळतोय हे ज्युरीतल्या एकाकडून मला आदल्या दिवशीच कळलं होतं. रविवारी दुपारी मी नवा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसलो. तुम्ही उभे राहिलात आणि म्हणालात, "या वर्षी हा मान कुणालाही नाही." कारण सांगितलं नाहीत. लोक कुरकुरले, ज्युरीत भांडण झालं असेल म्हणाले, ते सगळं तुम्ही ऐकून घेतलंत. मी तरातरा मागे आलो. तुम्ही कप धूत होता.

"फॉर्मवर शेवटी काय लिहिलं होतं?" तुम्ही विचारलंत.

"हो."

"मी काल तुह्या घरी गेलो होतो. बाबांना पुढच्या रांगेत बसवायचं म्हणून आवतन द्यायला. ते म्हणे, कोणता सिनेमा, फादर? पोरगा तर कॅमेरा शिकून राहिला म्हणे."

मी म्हणालो, "सिनेमा चांगला आहे की नाही तेवढं सांगा."

"चांगला आहे. काहून खोटं लिहिलं गा?"

तुम्ही हात पुसून झग्याच्या खिशातून एक चिकटवलेलं पाकीट काढलंत. पुसले तरी ओलेच होते हात. कोपऱ्यावर अंगठ्याचा डाग पडला, तो अजून आहे. म्हणालात, "यात ज्युरीचं मानपत्र आहे. बाबांना दाखवशील त्या दिवशी उघड."

त्यानंतर मी हॉलवर आलो नाही. रस्त्यात तुमची मोपेड दिसली की गल्ली बदलायचो. दोन वर्षांनी तुम्ही गेलात. मी आलो होतो, सगळ्यांत मागच्या बाकावर बसलो होतो, पण कबरीवर मूठभर माती टाकायच्या रांगेत उभा राहिलो नाही. आपण पुढे होऊन काय तोंड दाखवायचं, असं वाटलं. आज वाटतं, टाकायला पाहिजे होती.

आता या वर्षीचं. कन्हानच्या एका मुलीची फिल्म आली आहे. तिची आई खाणीच्या फाटकाशी भज्यांचा ठेला लावते. साधी फिल्म, आई भजी तळते आणि मुलीला बोलणी खाऊ घालते. तिघांनाही आवडली. पण शेवटच्या प्रश्नापुढे मुलीनं लिहिलंय: 'नाही. आई म्हणते, मले काय पाहायचं, मी तर रोजचीच आहो.' सिस्टर म्हणाल्या, नियम म्हणजे नियम, ज्यांच्यावर फिल्म आहे त्यांनी ती पाहिल्याशिवाय मान नाही. मी म्हणालो, तिनं खरं लिहिलं आहे हे तरी बघा. तेव्हा सिस्टरांनी सहज विचारलं, अगदी सहज, "तुम्हीही वडिलांवर केली होती ना एक? त्यांना आवडली होती का?"

मी म्हणालो, "हो." त्याच स्वयंपाकघरात, फादर. दुसऱ्यांदा.

घरी येताना बेसापर्यंत गाडी कशी चालवली मला आठवत नाही. आता आम्ही तिकडे राहतो, चौथ्या मजल्यावर. बाबा माझ्याकडेच असतात. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना तरुणपणापेक्षा जास्त दिसतं, असं ते लिफ्टमध्ये भेटेल त्याला सांगतात. काल सकाळी मी ती कॅसेट पेनड्राइव्हवर उतरवून आणली आणि टीव्हीला लावली. बाजूला बसायची छाती झाली नाही, दारात उभा राहिलो.

त्यांनी वीसच्या वीस मिनिटं पाहिली. बनियनबद्दल काही बोलले नाहीत. मग हसायला लागले, खोकला येईपर्यंत.

"धोट्यात कांडीच नव्हती गा," म्हणाले. "सूतच नव्हतं त्याच्यात. मी रिकामाच फेकून राहिलो होतो. विणकराचा पोरगा तू, तुले दिसलं नाही?"

मी पुन्हा लावून पाहिलं. वीस मिनिटांत कापड एक बोटभरही पुढे सरकलेलं नाही. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या फिल्ममधल्या चुका पकडल्या आणि ही पाहिली नव्हती.

"काहून, बाबा?"

"तू खिडकी लावली होती ना. अंधारात कोणी विणते काय? अर्धी साडी बिघडली असती. आन् तुले नाही म्हणवत नव्हतं. तुह्या फादरले सांगितलं होतं मी, ते आले तेव्हा. दाखवली होती साडी. लय वेळ हात फिरवत होते तिच्यावर."

मला रडू आलं. बाबांनी टीव्हीचा आवाज उगीच वाढवला. संध्याकाळी सिस्टरांना फोन करून सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग कन्हानला लॅपटॉप घेऊन कधी जायचं?" रविवारी जातो आहोत, दुपारी, ठेल्यावर गर्दी कमी असते तेव्हा.

फोन ठेवला आणि कपाटातून पाकीट काढलं. म्हटलं, बाबा, फादरनी दिलं होतं, तुम्हाला दाखवल्यावर उघड म्हणाले होते. बाबांनी ते हातात घेतलं, आणि झाकणाच्या कडेवरून अंगठा फिरवला, सुताची गाठ शोधतात तसा. म्हणाले, "याले डिंक दोनदा लागला हाये." त्यांनी पाकीट परत माझ्याकडे दिलं आणि म्हणाले, "वाच."

मी वाचलं. तुमच्या अक्षरात एकच वाक्य आहे: 'हा मान त्या विणकराला, ज्याने मुलाचे मन राखले आणि कापडही बिघडू दिले नाही.' बाबा म्हणाले, "आणखीन एक डाव वाच."

हे पत्र पाठवायला तुमचा पत्ता नाही, आणि असता तरी मी पाठवलं नसतं, कारण पुढचं मी बाबांनाही बोललो नाही. पाकीट मी त्याच रविवारी उघडलं होतं, सक्करदऱ्याच्या तलावाच्या काठावर, तुमचा डाग वाळायच्या आत. कापडाचं काय म्हणताय ते कळलं नाही, आणि कळून घ्यायचंही नव्हतं. मी फक्त माझं नाव शोधत होतो.