सतरावा पाठ

९ जून १९४७

भुजंगचेच पाठ घेतले! सोळाच्या सोळा. माझे सहा परत.

आबासाहेबांनी ओसरीवर बोलावलं होतं. शाळा त्यांची, सरकारातून इजाजत त्यांनीच आणलेली, म्हणून शेवटचा शब्दही त्यांचाच. चौथीला मराठीचं पुस्तक नाही. पुण्याकडची पुस्तकं यंदा आलीच नाहीत, आणि आली तरी त्यांत सगळं कोकण आणि समुद्र. आमच्या गंगाखेडच्या पोरांनी समुद्र कधी पाहिला? म्हणून ठरलं की आपलं पुस्तक आपणच करायचं. भाषा, भूगोल, इतिहास, नागरिकशास्त्र, सगळं एकात. ही कल्पना कुणाची? माझी! गेल्या दिवाळीत मीच बोललो होतो. आज कुणाला आठवत नाही.

"किशनराव, तुमचं समदं बरोबर हाय," आबासाहेब माझे कागद परत देत म्हणाले, "पर नुस्ती भाकर हाय बघा. संगं कोरड्यास न्हाई."

भुजंग खाली मान घालून बसला होता. लाजत होता म्हणे! सव्वीस वर्षांचं पोर. माझी मास्तरकी बारा वर्षांची. पण तो औरंगाबादेहून मॅट्रिक झालेला, मी मिडल पास. तो उर्दू फाडफाड बोलतो. भांगसुद्धा कसा सरळ पाडतो.

१० जून

हिला सांगितलं. म्हणाली, "जाऊ द्या की. त्येंचं बी चांगलंच असंल."

बायकोनं तरी आपल्या बाजूनं बोलावं.

१३ जून

आज तर कहर झाला. छापायचं म्हटलं तर पुन्हा परवानगी, पुन्हा अर्ज, त्यात वर्ष जाणार. म्हणून हातानं दहा प्रती काढायच्या, दोन पोरांत एक. आणि अक्षर कुणाचं? "तुमचं अक्षर म्हंजी मोत्याचे दाणे," आबासाहेब म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या. म्हणजे डोकं भुजंगचं आणि हात माझा! त्याचे पाठ मी दहा-दहा वेळा लिहायचे!

नाही म्हणता आलं नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

२० जून

दुसरी प्रत चालू आहे. बोट दुखतं.

एक गोष्ट इथं लिहून ठेवतो, कारण ही वही कुणी वाचत नाही. त्याचे पाठ चांगले आहेत. दिशा शिकवायला त्यानं एक धनगर घेतलाय. सकाळी मेंढरं घेऊन निघतो तेव्हा ऊन तोंडावर, परततानाही तोंडावर. मग तो कुठल्या दिशेला गेला आणि कुठल्या दिशेनं आला? पोरानं स्वतःच ओळखायचं. मी दिशांवर चार व्याख्या लिहिल्या होत्या, आणि खाली एक आकृती.

मला का सुचलं नाही? माझ्या सख्ख्या मामाच्या घरी मेंढरं होती!

२६ जून

पाचवी प्रत. आता त्याचे पाठ मला पाठ झालेत. काल वर्गात शिकवताना त्याचंच एक वाक्य माझ्या तोंडून निघालं. दिवसभर तोंड कडू.

४ जुलै

जुम्म्याची सुट्टी. नदीवर गेलो. पाणी गढूळ झालंय, पण होडी चालू आहे. येडबा आणि त्याचा भाऊ वल्हवत होते. होडीचा गुत्तेदार काठावर बाभळीखाली छत्री उघडून बसलेला, पान खात. ठेका त्याचा, त्यामुळे होडी त्याची. मी होडीत बसल्या बसल्या सहज विचारलं, "येडबा, होडी कुणाची रं?"

"कागदावर गुत्तेदाराची, मास्तर," तो म्हणाला. "पान्यात आमची."

आणि हसला. होडीतल्या बायका पण हसल्या. एक म्हातारी म्हणाली, "आन बुडाली तर समद्यांची."

घरी आलो आणि बसलो ते पाठ संपवूनच उठलो. काठ, पाणी, येडबा, म्हातारी, छत्री. शेवटी वर्गाला एकच प्रश्न: होडी कुणाची? उत्तर लिहिलंच नाही. बारा वर्षांत पहिल्यांदा लिहिताना मला व्याख्या आठवली नाही.

पण आता दाखवू कुणाला? पुस्तक तर ठरलं.

६ जुलै

घातला!

भुजंगच्या सोळा पाठांच्या पाठीमागे, सतरावा. दहाही प्रतींत. अक्षर सलग एकच, कुणाला शिवण दिसायची नाही. पहिल्या पानावर "रचणार – भुजंगराव". असू दे. लोक वाचतील, सगळ्यांत बरा कोणता ते बोलतील, आणि मग मी उभा राहून सांगेन – तो माझा! तेव्हा बघू कोरड्यास कुणाच्या ताटात आहे.

१९ जुलै

प्रती दिल्या. भुजंग पानं उलटत शेवटपर्यंत गेला आणि शेवटच्या पाठावर थांबला. त्यानं तो पाठ पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. मग पुन्हा वाचला. माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर.

"अण्णा," म्हणाला, "अक्षर काय अक्षर हाय तुमचं!"

बस. एवढंच. हा पाठ माझा नाही, इथं कसा आला, काही नाही! मी भांडायच्या तयारीनं गेलो होतो. जवाबही जुळवून ठेवले होते.

२ ऑगस्ट

आबासाहेबांनी सगळं पुस्तक वाचून घेतलं. म्हणाले, "समद्यांत वरचढ पाठ कोन्ता, सांगू? होडीचा! भुजंगराव, जिता-जागता मानूस उभा केलाव तुमी."

मी उठणारच होतो. गुडघ्यावर हात ठेवला होता. तेवढ्यात भुजंग म्हणाला, "मला बी त्योच लय आवडतो."

आयत्या बिळावर नागोबा! नाव भुजंग ते उगीच नाही! "माझा" म्हणाला नाही, पण "माझा नाही" असंही म्हणाला नाही. मूग गिळून बसला आणि आबासाहेबांच्या हातचं पान खाल्लं.

मी बसून राहिलो. बोलणार काय? दुसऱ्याच्या पुस्तकात स्वतःचा पाठ चोरून घातला म्हणून? आबासाहेब त्याच पावली शाळेबाहेर काढतील. चोरानं नेलेलं परत मागता येतं. मी स्वतःच नेऊन ठेवलेलं कोणत्या तोंडानं मागू?

५ ऑगस्ट

हिनं तो पाठ मला दोनदा वाचायला लावला. दुसऱ्यांदा ऐकताना डोळे पुसले. "असं लिवायला काळीज लागतं," म्हणाली. "तुमी बी त्येंच्याकडून शिका की जरा."

मी पाणी पिऊन बाहेर जाऊन उभा राहिलो.

१७ ऑगस्ट

सरहद्दीपलीकडे स्वराज्याचे झेंडे लागले म्हणतात. आपल्याकडे रियासतीत सगळे दबून आहेत, झेंड्यापायी धरपकड चालू आहे. मी या भानगडीत कधी पडलो नाही आणि पडणारही नाही.

पण पोरांनी भलतंच चालवलंय. रस्त्यानं एक ओरडतं, "होडी कुणाची?" की बाकीची ओरडतात, "वल्हवनाराची!" हे उत्तर मी लिहिलेलं नाही. त्यांनीच काढलं. बाजारात दोघा-तिघांनी भुजंगच्या पाठीवर थाप मारलेली पाहिली. थाप त्याच्या पाठीवर, वळ माझ्या.

९ सप्टेंबर

शाळा तपासायला नाझिरसाहेब आले. बरोबर पोलिसांचे अमीन. आजवर अमीन शाळेत कधी आला नव्हता. एक प्रत उचलून नेली.

११ सप्टेंबर

जसं झालं तसं लिहितो.

अमीन चार शिपाई घेऊन वर्गात आला. होडीचा पाठ उर्दूत उतरवून आणला होता. म्हणाला, होडी म्हणजे रियासत, गुत्तेदार म्हणजे कोण, छत्री कुणाची, ते आम्हाला कळतं. मला असं काही सुचलंही नव्हतं, देवाशपथ! मी छत्री पाहिली म्हणून छत्री लिहिली.

"लिखावट किसकी है?"

"मेरी," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार, फळ्यावर तेच अक्षर होतं.

"और मजमून?" म्हणजे मजकूर कुणाचा.

दोन महिने ज्या एका शब्दासाठी जळत होतो, तो शब्द तोंडात होता. नुसतं "मेरा" म्हणायचं होतं.

पलीकडच्या वर्गातून भुजंग आला. टोपी नीट केली. "मेराच है साहब," म्हणाला. "मास्तर ने सिरफ नकल उतारी. उनकू कुछ मालूम नै."

घेऊन गेले. दुपारच्या गाडीनं परभणीला. मी खडू हातात घेऊन तसाच उभा होतो.

१२ सप्टेंबर

जेवलो नाही. हिला वाटतंय, मी भुजंगसाठी हळहळतोय.

१८ सप्टेंबर

सगळ्या गावाच्या तोंडी भुजंग. त्याच्या घरी कुणी धान्य टाकून जातं, कुणी दूध. आबासाहेब अमीनाला भितात, तरी ओसरीवर हळूच म्हणाले, "मानूस असावा तर असा. लिवलं बी, आन लिवलेलं निभावलं बी."

आणि मी? मला लाज वाटायला हवी होती. वाटलीही. पण तिच्या आधी पोटात आग उठली, ती जुनीच! पाठ माझा, वाहवा त्याची. पाठ माझा, तुरुंगही त्याचा! तुरुंगाचाही हेवा करणारा माणूस या तालुक्यात दुसरा नसेल. तरी लिहून ठेवतो, कारण खरं आहे.

२४ सप्टेंबर

भुजंगची बायको कस्तुराबाई घरी आली होती. पदराखाली पुस्तकाची एक प्रत. बाकीच्या अमीनानं नेल्या, ही कुणी पोरानं तिला आणून दिली असावी. तिला वाचता येत नाही. म्हणाली, "मास्तर, ज्याच्यापायी त्येंना नेलं त्ये हाय तरी काय, आयकू द्या मला."

वाचला. माझा पाठ, माझ्या अक्षरातला, तिला वाचून दाखवला. मान वर न करता वाचला.

संपल्यावर तिनं प्रत पुन्हा पदराखाली घेतली. मग म्हणाली, "ह्यो त्येंचा बोल वाटंना बघा. म्हातारी बुडायचं बोलती आन बायका हसत्यात... असलं येडबाच्या होडीत बसल्याबिगर सुचत न्हाई. आन ह्ये पान्याला लय भितात, कंदी होडीत पाय न्हाई ठिवला."

ही चुलीपाशी होती. तिनं माझ्याकडे वळून पाहिलं. दर जुम्म्याला नदीवर कोण जातं, ते तिला माहीत आहे.

कस्तुराबाई गेली. त्यानंतर ही एवढंच म्हणाली, "तवाच का न्हाई बोल्लात?"

२५ सप्टेंबर

उद्या सकाळच्या गाडीनं परभणीला जातो. सांगतो की पाठ माझा. मला आत घाला, त्याला सोडा. मूळ कागद बरोबर घेतलाय, पहिला कच्चा खर्डा, खाडाखोडीसकट.

का जातोय ते मलाच नीट कळत नाही. त्याच्यासाठी, कस्तुराबाईसाठी, हो. पण एकदा तरी, कुणाच्याही समोर, "तो माझा" असं म्हणावं हेही आहेच. ते नाही असं कसं लिहू? हिनं दशम्या बांधल्यात. जास्त बांधल्यात, आत कुणी खायला देईल न देईल म्हणून.

२७ सप्टेंबर

गेलो. मोठ्या साहेबासमोर उभं केलं. सांगितलं. खर्डा पुढं ठेवला. त्यांनी खर्डा आणि प्रत शेजारी धरून पाहिली. दोन्हींत माझंच अक्षर, नकल उतरवणाऱ्याचं असायचंच.

साहेब हसले. "भुजंगराव पहलेच बोल के रखे थे," म्हणाले. "एक मास्तर आयेंगे, बोलेंगे मेरा है. उनकी बात पे मत जाओ साहब, वो हमेशा मेरे से जलते."

मला घरी पाठवलं.