त्या गाण्यातल्या साडीचा रंग

अण्णा, परवा आम्ही शिक्षक शाळेच्या गॅदरिंगची गाणी ठरवायला बसलो होतो. पाचवीच्या मुलींनी ‘जुनी गाणी’ या भागात नाचायला एक गाणं आणलं होतं. ते मोबाइलवर लागलं आणि माझे दोन्ही हात आपोआप टेबलाखाली गेले. पोरींना ते जुनं वाटतं. मला ते ऐकलं की अजून सुरतेतल्या, अडाजणच्या त्या दवाखान्यातला डेटॉलचा वास येतो. मी म्हटलं, हे नको, दुसरं बघा. मुख्याध्यापकांनी कारण विचारलं तर लहान मुलींना शोभत नाही असं काहीतरी ठोकून दिलं. चाळिशी ओलांडली, तुम्ही गेलात त्या वयाला येऊन पोचले, पण त्या एका गाण्यावरून खोटं बोलायची माझी खोड काही गेली नाही. म्हणून आज लिहायला बसलेय.

अमरोलीचं ते लूमचं खातं, तुमचा तो कापड विणायचा कारखाना, मला आपल्या कोसाडच्या खोलीपेक्षा जास्त नीट आठवतं. शाळेला सुट्टी असली की तुमचा डबा घेऊन मी यायचे. दारात पाऊल टाकलं की आवाज अंगावरच यायचा, पायाखालची फरशी थरथरायची, आणि त्या गदारोळात तुम्ही सगळे मुक्यासारखे वावरत असायचात. तोंडाने बोलून उपयोग नव्हता म्हणून तुमची हातांची बोली होती. डोक्यावर पंजा ठेवला की शेठ आला. दोन बोटं ओठांना लावली की विडी. मूठ गोल फिरवली की मशीन चालू आहे, आणि हात नुसते मोकळे सोडले की बंद. आठवड्याभरात मी ती सगळी शिकले आणि घरी आईला ‘मीठ कमी आहे’ हेसुद्धा हातांनीच सांगायला लागले. आई म्हणायची, पोरगी बापाचं नको ते उचलायली.

घरी मात्र तुमच्या तोंडाला खळ नसायचा. परभणीकडच्या जत्रांमध्ये तंबूतल्या टॉकीजला लहानपणापासून पाहिलेले सगळे सिनेमे तुमच्या डोक्यात रीळ गुंडाळून ठेवलेले होते. रेडिओवर गाणं लागलं की ते संपायच्या आत तुम्ही सिनेमा सांगून मोकळे. ते विहिरीवरचं गाणं. ती पोहरा ओढत आनंदाने गाते, आणि तिच्या मागे फौजेतून आलेला माणूस टोपी हातात धरून उभा आहे, वाईट बातमी घेऊन, आणि तिचं गाणं संपेपर्यंत बोलायचा त्याला धीर होत नाही. ते बांगडीवाल्याचं गाणं. तो जत्राभर बायकांना हसवत बांगड्या भरतो आणि एक जोड बाजूला ठेवतो, ती कुणासाठी ते शेवटच्या रिळात कळतं. तुम्ही म्हणायचात, “सिनेमा ठाऊक नसला तर गाणं म्हंजे निस्ता आवाज.” शेजारपाजारची माणसं मुद्दाम येऊन बसायची. आणि नव्या गाण्यांचं नाव काढलं की तुम्ही हात झटकायचात, आताच्या गाण्यांत काही राम नाही म्हणायचात. आम्हाला वाटायचं, सगळ्या बापांचं असंच असतं.

मग त्या संध्याकाळी रेडिओचे सेल संपले. तुम्ही डोळे मिटून भिंतीला टेकला होता, गाणं अर्ध्यात चिरकलं आणि बंद पडलं, आणि तुमचा हात मांडीवर ताल धरून राहिला. कडव्यापर्यंत. पुढच्या कडव्यापर्यंत. मी अकरा वर्षांची होते. मी बघत बसले. नव्या गाण्यांत राम नाही असं तुम्ही का म्हणता ते मला तेव्हा कळलं. ती तुमच्यापर्यंत आलीच नव्हती. जुनी तुम्हाला आतून पाठ होती, सुरुवातीचा एखादा सूर पोचला की पुढे बाहेरून काही येवो न येवो. तुम्ही डोळे उघडलेत, माझ्याकडे पाहिलंत, आणि मी हात मोकळे सोडून दाखवले. बंद. तुमचा चेहरा क्षणभर पडला. मग तुम्ही रेडिओ उचलून सेल काढायला लागलात, जसं काही तेच करायचं मनात होतं.

त्या दिवसापासून आपलं सुरू झालं. आपण दोघं त्यावर एक शब्द कधी बोललो नाही. गाणं लागलं की मी तुमच्या समोर बसायचे. विहिरीचं असलं की हळूच दोर ओढायचा, बांगडीवाल्याचं असलं की मनगटावरून बोटं फिरवायची. तुम्ही लगेच सुरू. एरवीचं बोलणं तुम्ही समोरच्याचे ओठ बघून निभावत होता, म्हणून कोणाला पत्ता लागला नाही. मला सुरुवातीला त्याचा अभिमान वाटायचा, खोटं कशाला सांगू. पण रोज कुणाचे तरी कान होऊन बसायचं म्हणजे मैत्रिणी अंगणात खेळत असताना आपण घरात दोर ओढत बसायचं. पुढे पुढे मी वैतागायला लागले होते.

त्या वर्षी ते नवं गाणं आलं. गच्चीवर वाळत घातलेल्या साड्या, अलीकडे ती, पलीकडच्या गच्चीवर तो, आणि दोघांच्या मध्ये वाऱ्याने हलणारं कापड. सगळं सुरत ते गात होतं, रिक्षात, लग्नात, गणपतीत. आणि सुरतच ते, सिनेमा पडद्यावरून उतरायच्या आत त्या साडीचं कापड बाजारात उतरलं, साडीला नावही त्या गाण्याचंच पडलं. तुमच्या खात्यातसुद्धा तेच कापड लागलं. बारा बारा तास तुम्ही त्या गाण्याची साडी विणत होता, आणि तुमच्या हातून जात होतं ते पांढरं कोरं कापड. रंग पुढे पलसाण्याच्या मिलमध्ये चढायचा, तो तुमच्या नजरेला कधी पडायचा नाही.

समोरच्या खोलीतल्या काकांकडे टीव्ही होता. मी आणि चार मैत्रिणी पुढ्यात बसून तेच गाणं बघत होतो आणि तुम्ही पाळी सुटून तसेच दारात आलात, बनियनवर, केसांत कापसासारखी तंतूंची लव अडकलेली. खात्यातल्या आवाजातच तुम्ही विचारलंत, “पोरी, हेच का गं ते आमच्या कापडाचं गाणं? सिनेमा काय आहे? साडीचा रंग कोन्ता आहे तिच्या?” टीव्ही रंगीत नव्हता. पण सिनेमा मी मावशीबरोबर थेटरात पाहून आले होते, आणि ते तुम्हाला माहीत होतं. पोरी तुमच्या ओरडण्याला खुदखुदल्या. मी टीव्हीवरची नजर न काढता म्हटलं, “तुमच्या काळातलं नाही ते. तुम्हाला नाही कळायचं.” माझे ओठ तुम्हाला दिसले असणारच. तुम्ही हसलात, बरं बरं म्हणालात आणि हात धुवायला गेलात. तुम्ही मला जन्मभर पुरतील एवढे सिनेमे दिले होते, आणि मला तुम्हाला एक देववला नाही.

नंतर पंधरा दिवसांत हजीऱ्याच्या नोकरीचं निघालं. काकांच्या ओळखीने, कंपनीच्या गेटवर, ठेकेदाराकडे पहारेकऱ्याची जागा. आठ तासांची ड्यूटी, न्यायला-आणायला बस, आणि मुख्य म्हणजे लूमचा आवाज नाही. आईने त्या आठवड्यात सोमवारसुद्धा धरला. अट एकच होती, ठेकेदाराच्या डॉक्टरचा शेरा पाहिजे, डोळे आणि कान. तुम्ही मला म्हणालात, फॉर्म गुजरातीत असतो, तू चल. फॉर्म काकांनीसुद्धा भरून दिला असता. मला काय ते समजलं. मी दप्तर घेऊन निघाले. शटल रिक्षात तुम्ही माझ्या हातांकडे बघत होता, आणि माझ्या तळव्यांना असा घाम की मी ते दर मिनिटाला फ्रॉकला पुसत होते.

अडाजणचे ते डॉक्टर म्हातारे होते, चष्मा कपाळावर. त्यांनी तुम्हाला खुर्चीत बसवलं, मला समोरच्या स्टुलावर, आणि स्वतः तुमच्या पाठीमागे जाऊन हळू आवाजात आकडे म्हणायला लागले. त्यांचे डोळे हातातल्या कागदावर होते, मी दप्तरावर बोटं उघडत गेले. पाच. सात. दोन. तुम्ही बरोबर सांगत गेलात, मुद्दाम जरा विचार केल्यासारखं करून. डॉक्टरांनी पेन उघडलं. तिथेच संपलं असतं अण्णा. पण त्यांनी सहज, लिहिता लिहिता, तुमच्या समोर येऊन विचारलं, रिकाम्या वेळेत काय करता. आणि तुम्ही म्हणालात, गाणी ऐकतो साहेब. जुन्या कुठल्याही गाण्याचा सिनेमा सांगतो. मला वाटतं तुम्हाला तो मोह आवरला नाही.

म्हातारा खूश झाला. त्याच्याकडे कपाटावर टेपरेकॉर्डर होता, तुमच्या पाठीमागे. त्यात त्याने कॅसेट घातली आणि आवाज इतका बारीक केला की मलाच मान पुढे करावी लागली. “शुं वागे छे, बोलो भाई?” काय वाजतंय ते त्याने विचारलं, आणि मी दोर ओढला. तुम्ही विहीर सांगितलीत, फौजेतला माणूस सांगितलात, त्याची टोपीसुद्धा सांगितलीत. डॉक्टर वा वा करत राहिले. मग बांगडीवाला. तुम्ही आता खुर्चीत ताठ बसला होता, डोळ्यांत चमक होती. आणि मग खरखर झाली आणि तिसरं गाणं लागलं. गच्चीवरचं.

त्या गाण्याला आपल्यात खूणच नव्हती. मागितली होती तुम्ही, मी दिली नव्हती. मला मूठ फिरवून निदान ‘चालू आहे’ एवढं सांगता आलं असतं, हे मला रिक्षात परतताना सुचलं. तिथे माझे हात दप्तरावर तसेच पडून राहिले. मुखडा गेला. तुम्ही माझ्याकडे बघत होता. डॉक्टर मागून म्हणाले, हे तर पोरंटोरंसुद्धा ओळखतील, बोला. तुम्ही माझ्या हातांकडे बघितलंत, ते मोकळे होते, आणि मोकळ्या हातांचा अर्थ तुम्हीच मला शिकवला होता. तुम्ही हसून मान वळवलीत आणि म्हणालात, “क्यों साब, बंद कर दिया?”

गाणं चालूच होतं. डॉक्टर हळूहळू तुमच्या समोर आले, आधी तुमच्याकडे पाहिलं, मग माझ्या हातांकडे. ते रागावले असते तर बरं झालं असतं. “बेटा, तुं बहार बेस,” एवढंच ते म्हणाले. दाराबाहेरच्या बाकावर बसून मी ते गाणं शेवटपर्यंत ऐकलं.

परतताना तुम्ही मला गाडीवरचा वाफाळता लोचो खाऊ घातलात, वर शेव जास्त टाकायला सांगितलीत. आपण दोघं उभे होतो, द्रोण हातात. चूक माझी आहे असं तुम्ही एकदाही म्हटलं नाहीत. तुम्ही फक्त, पहिल्यांदाच हळू आवाजात, विचारलंत, “तिसरं कोन्तं होतं गं?” आणि अण्णा, मी म्हटलं, “जुनंच होतं. तुमच्याच सिनेमातलं. तुमच्या ध्यानात नाही आलं.” खरं सांगितलं असतं तर गच्चीवरचं म्हणावं लागलं असतं, आणि मग टीव्हीसमोरचं माझं ते बोलणं आपल्या दोघांच्या मध्ये येऊन उभं राहिलं असतं. ते मला नको होतं. मी खूण केली नव्हती हे तुम्हाला चांगलं माहीत होतं. पण पोरगी खूण कशी विसरली, असं तुम्ही म्हटलं नाहीत. तुम्ही म्हणालात, डोकंबी रिकामं व्हायलंय वाटतं आता.

त्यानंतर तुम्ही सिनेमे सांगायचं सोडलंत. रेडिओ लागला की मी समोर येऊन बसायचे, दोर ओढायचे, बांगड्या भरायचे. तुम्ही माझ्या हातांकडे बघायचात आणि म्हणायचात, राहू दे, चुकीचं सांगेन काहीतरी. नोकरी गेली ती गेली. आई अजून म्हणते, बरंच झालं, गेटवर मागून ट्रक आला असता तर? तिचं खरंही असेल. पण तिच्या त्या म्हणण्याच्या आडोशाला जाऊन बसायचं मी सोडलंय, कारण त्या दिवशी माझ्या मनात ट्रक नव्हता. पुढची चार वर्षं तुम्ही त्याच खात्यात काढलीत, छातीने दगा दिला तोवर. कान लूमने नेले. पण सिनेमे तुमच्याजवळ होते, ते माझ्या एका वाक्याने नेले. तुमचं डोकं रिकामं झालं नव्हतं अण्णा. तुमची सगळी रिळं जागच्या जागी होती.

हे पत्र कुठे टाकायचं? आईला वाचता येत नाही, आणि आलं असतं तरी दाखवलं नसतं. गॅदरिंगच्या फायलीत ठेवून देते. त्याआधी तुम्ही विचारलेलं सांगते. सिनेमा असा, की शेवटी तो दुसऱ्या गावी निघून जातो आणि ती त्याच गच्चीवर रोज साड्या वाळत घालते, आता पलीकडे कोणी नाही हे माहीत असून. खूण मी सिनेमा पाहून आले त्याच दिवशी करून ठेवली होती, आरशासमोर: एका बोटाने कापड थोडं बाजूला करायचं आणि बघायचं. आणि रंग कैरीच्या सालीसारखा हिरवा होता, काठाला बारीक चंदेरी. तुम्ही दारात उभे राहून विचारलंत तेव्हा मला तो माहीत होता.